पाच तीसची गाडी

"जयपूर सुटणार पाच तीसला. टोंक सात पंधरा, थांबा दहा मिनिटं. कोटा दहा चाळीस, थांबा वीस मिनिटं." गुलाबराव वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. "आणि संध्याकाळी साडेसातच्या आत इंदूर."

समोर परेश पोहे चिवडत बसला होता. त्याच्या बाबांनी पस्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं आणि एकही लाल सिग्नल ओलांडला नाही, हे जयपूरच्या मानसरोवर भागातल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. पण ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची निम्मी नजर गेलेली. आणि हा माणूस एका दिवसात सहाशे किलोमीटर कापायच्या गोष्टी करत होता!

"एवढे थांबे?" परेशनं विचारलं. "मतलब, एवढा त्रास होणार असेल तर..."

"त्रास व्हायच्या आत थांबायचं असतं. वेग सत्तरच्या वर नाही. कोट्यापुढच्या दराच्या घाटात तीस."

जाणं तर भागच होतं. इंदूरला मालनमावशी एकटीच राहायची. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पडली, खुब्यात पट्टी बसवावी लागली. रेल्वेच्या पायऱ्या तिला चढवणार नाहीत, गाडीत मागच्या सीटवर आडवी करूनच आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिची देखभाल करणारी शेजारीण रविवारी गावी निघणार होती. मालनमावशीनं परेशच्या आईला कडेवर खेळवून वाढवलेलं. त्यामुळे आई थांबायला तयार नव्हती, आणि मार्चअखेर बँकेतून परेशला सुट्टी मिळत नव्हती.

"मी एखादा ड्रायव्हर ठरवतो," तो म्हणाला.

"ड्रायव्हर आहे की घरात," बाबा म्हणाले आणि वहीचं पान उलटलं.

परेशचा संताप संताप झाला. कसला हा हट्ट! मागच्याच आठवड्यात शेजारच्या देवरामजींनी त्याला फाटकाशी गाठलं होतं. भिंतीचा टवका उडालेला दाखवून म्हणाले, पापाजींना सांभाळा, वय झालंय आता. घरी येऊन परेशनं विचारलं तर बाबा खाली बघत म्हणाले, "हो, घासली खरी गाडी. वळण जरा लवकर घेतलं गेलं." आई तेवढ्यात दूध बघायला आत गेली.

दर रविवारी पहाटे, परेश झोपेत असताना, दोघं गाडी घेऊन बस्सीच्या रस्त्यानं चक्कर मारून यायचे. उभी राहून बॅटरी उतरते म्हणे. आता तर बाबांनी पाठीला हवी म्हणून सीटवर जाडजूड उशीही आणून ठेवली होती. सगळी जय्यत तयारी.

तो स्वयंपाकघरात गेला. आई पाटावर बसून नव्या बुटांच्या नाड्या बांधत होती. जन्मभर चपला घातलेली बाई, पण चार महिन्यांपूर्वी बाबांनीच तिला चालायला म्हणून बूट घ्यायला लावले होते.

"आई, तू तरी सांग ना त्यांना. तुझं ऐकतात ते."

"सगळं बोलून झालंय आमचं."

"अगं, त्यांना दिसत नाही! समोरून ट्रक आला तर?"

"काळजी नको करूस रे. मी आहे ना गाडीत."

"तू असून काय करणार आहेस?" परेश खेकसला.

नाडीची गाठ सोडून आईनं पुन्हा घट्ट बांधली.

बाहेर आल्यावर बाबांनी त्याला जवळ बसवलं. "इंजिनात दोघं असतात, माहीत आहे ना? पायलट आणि असिस्टंट. एकानं सिग्नल पुकारायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. कुणा एकट्याच्या डोळ्यांवर गाडी सोडायची नसते. आम्ही तसंच जाणार आहोत."

म्हणजे आई बघणार आणि बाबा चालवणार! संध्याकाळी परेशनं खुंटीवरच्या दोन्ही किल्ल्या काढून खिशात टाकल्या. बापाला असं तोंडावर बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण आईबाप गमावण्यापेक्षा बाबांचा अबोला परवडला असता.

शनिवारी पहाटे पाच पंचवीसला तो गाडीला पाठ लावून उभा राहिला. बाबा वही घेऊन आले, मागून डबा घेऊन आई.

"बाबा, माफ करा," तो म्हणाला. "मी तुम्हाला गाडी चालवू देणार नाही. तुमचे डोळे गेलेत. मी किल्ली देणार नाही म्हणजे नाही."

बाबांनी वही मिटली. परेशला वाटलं, आता कडाडणार.

"शाबास," ते म्हणाले. "असल्या डोळ्यांच्या माणसाला मीही इंजिनावर चढू दिलं नसतं."

मग ते वळसा घालून डाव्या दाराशी जाऊन उभे राहिले.

आईनं डबा परेशच्या हातात कोंबला, पर्समधलं कोरं करकरीत लायसन्स त्याच्या नाकासमोर धरलं आणि त्याच्या मुठीतून किल्ली काढून घेतली. उशीवर नीट सरकून बसत तिनं आरसा स्वतःच्या उंचीला वळवला. बाबांनी शेजारी बसून वही उघडली, बोट समोर रोखलं आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "फाटक मोकळं!"

"फाटक मोकळं," आई म्हणाली, आणि या खेपेला देवरामजींच्या भिंतीला न घासता पाच तीसला गाडी बाहेर पडली.