फाटकावरचं पिवळं फडकं

जमीन हलायची थांबली तशी हात्सुए धावली ती थेट खालच्या घरांकडे. यंदा गल्लीची प्रमुख तीच होती. भूकंपानंतर घरातली माणसं सुखरूप असतील तर फाटकाला पिवळं फडकं बांधायचं, आणि फडकं नसेल तिथे बाकीच्यांनी फावडी घेऊन शिरायचं, असा गल्लीचा नियम.

खालच्या नऊही फाटकांवर फडकी होती. एका म्हातारीने तर दोन बांधली होती. म्हणे, एक मांजराचं. हात्सुएला हसू आलं. ती चढ चढून वर आली. डोंगराला चिकटून दोनच घरं होती, तिचं आणि शेजारच्या सेइकिचीचं.

सेइकिचीच्या फाटकावर काहीच नव्हतं. दरड सुटून चिखल त्याच्या मागच्या खोलीत शिरला होता.

"सेइकिचीसान!"

उत्तर नाही. ती दोन्ही हातांनी चिखल उपसू लागली. त्याच्या बांबूचे कोंब तिच्या अंगणात उगवले, त्यावरून तीन वर्षं अबोला होता. 'तुमचं तोंड बघायचं नाही मला,' हे तिचं शेवटचं वाक्य. आता तेच तोंड दिसावं म्हणून ती रडत रडत हात चालवत होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडे, तिच्याच अंगणात, कौलं फुटल्याचा आवाज आला. ती तशीच धावली.

तिची लाकडाची खोपी कोसळली होती, आणि पाठमोरा सेइकिची घामाघूम होऊन वासे ओढत होता.

"कुणाला शोधताय?"

"हात्सुएसानला. बघत काय राहिलात? धरा हे टोक!" तो मागे न बघताच ओरडला.

तिने टोक धरलं. मग त्याने वर पाहिलं, आणि मटकन खालीच बसला.

"फडकं कुठंय तुमचं?" तिने दरडावून विचारलं.

"खिशात. बांधायलाच निघालो होतो, तर तुमचं फाटक मोकळं. साऱ्या गल्लीला नियम शिकवायचे, आणि स्वतःचं फडकं?"

ते स्वयंपाकघरात, खणातच राहिलं होतं. हात्सुए त्याच्या शेजारी बसली आणि तिला पुन्हा रडू फुटलं. त्याने खिशातलं फडकं पुढे केलं. तिने त्यात डोळे पुसले, नाकही शिंकरलं.

"बांबू तोडतो उद्या," तो म्हणाला.

"काही नको. कोंबांची भाजी बरी होते."

खालून आरडाओरडा ऐकू आला. सारी गल्ली फावडी घेऊन चढावर धावत येत होती, दोघांची नावं एका दमात घेत.

"आले आपल्याला उकरायला," सेइकिची म्हणाला. "बांधा ते फडकं लवकर."

हात्सुएने ते गुडघ्यावर नीट पसरलं.

"भिजलंय," ती म्हणाली. "वाळू दे जरा."