डोकी मोजताना

"तुम्हाला माणसं नकोतच, नुसत्या भिंती हव्यात. मग तसं लिहा ना सरळ पाटीवर!"

इफुआने कॉलेजच्या फाटकावरच्या दरवानाला हे तोंडावर सुनावलं. काळ्या गोल टोपीतल्या त्या म्हाताऱ्याला असली बोलणी रोजचीच असावीत. त्याने पाटीकडे बोट दाखवलं. परीक्षा चालू आहेत, शांतता राखा, पाहुण्यांना प्रवेश नाही. मग सगळ्या घोळक्यावरून एकदाच नजर फिरवली आणि कोंबड्या हाकलाव्यात तसा हात हलवला.

नूरझात घोळक्याच्या शेवटी उभी होती. सगळ्यांबरोबर तीही मागे सरली.

उत्तरेकडच्या एका विद्यापीठाने आपल्या परदेशी पोरांना एका दिवसासाठी केंब्रिजला आणलं होतं. पुढे पिवळी छत्री उंच धरून विद्यापीठाचा कर्मचारी गॅरेथ, मागे बसभर पोरं. वर्षभर ज्यांना कुणी चहाला बोलावत नाही, त्यांना मे महिन्यात एकदा बसमध्ये घालायचं, जुन्या भिंती दाखवायच्या आणि हसरे फोटो काढायचे. ते फोटो पुढच्या वर्षीच्या पोरांना गळाला लावायला कामी येतात.

"तू बसमध्ये कुठे बसली होतीस गं? मला दिसलीच नाहीस," इफुआने चालता चालता विचारलं.

"मी कुणाला फारशी दिसत नाही," नूरझात म्हणाली.

"आमच्या घानात न दिसणाऱ्या पोरीला आधी जेवायला घालतात. नाव काय तुझं?"

"नूरझात. किरगिझस्तानची."

"नुर्‌जत? नाही, थांब. नूरझात. आलं का बरोबर?"

नूरझातने नुसती मान हलवली. तिचं नाव नीट म्हणायची खटपट या देशात अजून कुणी केली नव्हती.

गॅरेथ एका मनोऱ्यापाशी थांबून कुठल्याशा राजाबद्दल सांगत होता. या दोघी सटकल्या आणि नदीकाठच्या भिंतीवर जाऊन बसल्या. इफुआने डबा उघडला. तिखट लाल भात, पार गार झालेला. एकच चमचा होता, तो आळीपाळीने फिरला.

समोर चपट्या होड्या चालल्या होत्या. पांढरी पॅन्ट घातलेला एक तरुण लांब बांबू पाण्यात खुपसून ऐटीत होडी ढकलत होता.

"याचा बांबू आता रुतणार," नूरझात म्हणाली.

आणि रुतला. होडी पुढे गेली आणि तो पठ्ठ्या बांबूला माकडासारखा लोंबकळत राहिला. इफुआ हसून हसून भिंतीवरून पडायची बाकी होती.

"तुला कसं कळलं गं?"

"तिथे चिखल आहे."

"सगळं वाचून आलीयेस! हुशार आहेस. चल, त्या फाटकासमोर फोटो काढू. घरी सांगते, मी इथेच शिकते म्हणून. मामांची तोंडं कायमची बंद."

"सांगून काय मिळतं?"

"मान मिळतो, बाई! तुला नको मान?"

नूरझातची आई दर रविवारी फोनवर विचारायची, मैत्रिणी काय म्हणतात? ती सांगायची, मजेत आहेत. नावंही सांगायची, आदल्या रात्री जुळवून ठेवलेली. या रविवारी नाव जुळवावं लागणार नव्हतं. पण पाच वाजता बस सुटणार होती, आणि ती सुटली की हे हसणं, हा चमचा, हे "गं" म्हणणं, सगळं संपणार होतं. दुपारभर ती इफुआचं बोलणं ऐकत होती आणि आत कुठेतरी त्या पाच वाजण्याची तिला धास्ती होती.

"गप्प का झालीस?"

"परत जायचं नाहीये मला."

"मला तरी कुठे जायचंय! सोमवारी माझ्या प्रबंधाची चिरफाड आहे. पण शेजारी बस माझ्या, झोप आली तर खांद्यावर डोकं टेक. फक्त घोरू नकोस."

बस गावाबाहेरच्या मैदानापाशी उभी होती. इफुआने खिडकीची जागा पकडली आणि शेजारच्या सीटवर आपली पिशवी टाकून ठेवली. नूरझात दारापाशी घुटमळली.

"अगं चढ ना! का आमंत्रणपत्रिका छापू?"

नूरझात चढली. पिशवी मांडीवर घेऊन बसली.

गॅरेथने मोजणी सुरू केली. पोरांची नावं वाचताना त्याची जीभ अडखळायची आणि पोरं हसायची, म्हणून यादी घडी करून खिशात ठेवून तो डोकीच मोजायचा. सीटच्या पाठींवर टिचक्या मारत तो मागपर्यंत गेला. कपाळाला आठी घालून परत पुढे आला. पुन्हा मोजलं.

"सर, स्वतःला धरलंत का?" मागून कुणीतरी ओरडलं. बस हसली.

"दर वर्षी एखादं पोरगं कमी भरतं," गॅरेथ म्हणाला. "कुणी हरवतं, कुणी नदीत पडतं. जास्त कधी भरलं नव्हतं. कोण आहे रे जादाचं?"

हसणं विरलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. इफुआही मान वळवून मागच्या रांगा न्याहाळायला लागली.

नूरझात उभी राहिली.

"मी."

"तू? सकाळपासून आमच्यातच आहेस की. कुठल्या विभागाची?"

"तुमच्याकडची नाही. सकाळी ज्या फाटकावरून आपल्याला हाकललं ना, त्याच्या आत राहते, तिथेच शिकते. तिसरं वर्ष आहे माझं. उतरू की नको, सांगा."