क्लचचा पाय

आईनं डावा बूट काढला आणि पाय समोरच्या स्टुलावर टेकवला. पोटरी टम्म सुजली होती. थोरल्या लेकीनं हात लावला, तर गरम लागली.

"क्लचचा पाय आहे तो," आई म्हणाली. "आमच्यात सगळ्यांचाच दुखतो."

आई गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायची. तिच्या पायाशी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असायचा. ड्रायव्हिंग स्कूलमधले सगळेच शिक्षक डाव्या पायाच्या नावानं ओरडत, मलम चोळत आणि सकाळी पुन्हा गाडीत बसत. "अर्धा जन्म लोकांच्या चुकांवर ब्रेक दाबण्यात गेला," असं आई नेहमी म्हणायची. हल्ली ते हसून म्हणायची. वडील गेल्यावर कितीतरी वर्षं ती हसायचं विसरली होती.

"रविवारी एकाला जेवायला बोलवीन म्हणते," पोटरीला मलम चोळता चोळता ती म्हणाली. "चालेल तुला?"

"कोण आहे?"

"आहे एक. रिव्हर्स अजून जमत नाही त्याला."

थोरलीला हसू फुटलं. आईनं तिच्या आमटीला नावं ठेवली आणि तीच आमटी दोनदा वाढून घेतली.

सकाळी गाडीची किल्ली फिरवायच्या आत आईला श्वास पुरेना. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती फुप्फुसात गेली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. काही औषध चालू होतं का, असंही विचारलं. थोरलीनं आईची पर्स उघडली. आत गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट होतं, निम्मं संपलेलं; सोबत औषधाच्या दुकानाची पावती, पण कुठल्या डॉक्टरची चिठ्ठी नाही. डॉक्टरांनी ते बघितलं. या गोळ्यांनी क्वचित असं होतं, म्हणाले.

निरोप मिळताच धावत आलेल्या आत्यानं पाकीट थोरलीच्या हातून काढून घेतलं आणि रुमालात गुंडाळलं.

"नवरा नसलेल्या बाईच्या पर्समध्ये हे निघालं म्हटल्यावर लोक काय म्हणतील? गेली बिचारी. आता तिच्या नावाला काळं नको. हार्ट अटॅक होता. धाकटीलाही तेच सांगायचं."

परगावी शिकणारी धाकटी घरी आली, तोवर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी हार्ट अटॅकच होता. थोरली काही बोलली नाही. तोंड उघडलं असतं तर नुसता हंबरडा फुटला असता. पुढं हंबरडा ओसरला, पण शब्द आले नाहीत.

आता धाकटीचं लग्न ठरलं होतं. शिक्षण पुरं होईपर्यंत मूल नको, यावर तिचं आणि होणाऱ्या नवऱ्याचं एकमत होतं. आत्यालाही ते पटलं होतं. "लग्नाआधीच काय ते विचारून घ्या, मागाहून धावाधाव नको," म्हणत तीच दोघींना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली होती.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला.

"सिगारेट?"

"छे."

"अर्धशिशी? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं काही चमकतं?"

"फक्त निकालाच्या दिवशी."

डॉक्टरीणबाई हसल्या. "घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आईला हार्ट अटॅक आला होता."

"बाकी सगळे ठणठणीत," आत्यानं पुस्ती जोडली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला आणि गोळीचं नाव लिहायला घेतलं.

"हार्ट अटॅक नव्हता," थोरली म्हणाली.

आत्यानं टेबलाखाली तिचा हात घट्ट धरला. "अगं, ही काय वेळ आहे?"

"हीच वेळ आहे." थोरलीनं हात सोडवून घेतला. "गुठळी होती. पायातून फुप्फुसात गेली. आई चव्वेचाळीस वर्षांची होती आणि ह्याच गोळ्या घेत होती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणी तपासून दिल्या होत्या?"

"नाही. दुकानातून आणायची."

कागद चुरगळून टोपलीत गेला. "मग या गोळ्या तुला नकोत," डॉक्टरीणबाई धाकटीला म्हणाल्या. "यात इस्ट्रोजेन असतं. पुष्कळ बायका वर्षानुवर्षं घेतात आणि काही होत नाही. पण कुणाला चालतील ते आधी विचारावं लागतं, आणि उत्तर खरं लागतं. इस्ट्रोजेन नसलेली गोळी आहे, तांबी आहे, त्यातलं बघू. आणि एकच पाय सुजला, छातीत दुखलं, दम लागला, तर अंगावर काढायचं नाही. तडक यायचं."

धाकटी थोरलीकडं बघत राहिली. "ताई, आई गोळ्या घेत होती?"

"पाळीचा फार त्रास होता हो वहिनीला," आत्या घाईनं डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "त्यासाठीसुद्धा देतात ना या?"

"देतात की."

विषय तिथंच मिटत होता. धाकटी वाचली होती, आईचं नावही राहत होतं. थोरलीनं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. आत्या तिच्याकडं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती.

"नाही आत्या," थोरली म्हणाली. "आईला पाळीचा कसलाही त्रास नव्हता. तिचं एका माणसावर प्रेम होतं. आणि आत गेल्या गेल्या 'मिस्टर काय करतात?' असं विचारतील, म्हणून ती एकाही दवाखान्याची पायरी चढली नाही."