तारीख पडली

"पुन्हा तारीख पडली," चपला ओट्याखाली सरकवत मार्गारेट म्हणाली. "पुढचा मंगळवार."

जेनिफरने पोरीच्या केसांत तोंड घातलं आणि सासूला दिसणार नाही असा श्वास सोडला. आणखी आठ दिवस मिळाले.

तिच्या नवऱ्याला, केनीला, तुरुंगात जाऊन तीन महिने होत आले होते. आंघोळीचं पाणी कोमट निघालं एवढंच कारण. त्याने तिला विहिरीच्या कठड्यावर ढकललं, खांद्याजवळचं हाड मोडलं, आणि दवाखान्यातल्या नर्सने परस्पर पोलिसांना बोलावलं. वसईच्या कोर्टाने त्याला जामीन नाकारला. मग मार्गारेटने वकील गाठून ठाण्याच्या सेशन कोर्टात अर्ज टाकला. तेव्हापासून दर मंगळवारी पहाटे ती वाडीतल्या केळीला पाणी सोडायची, एसटी पकडायची, आणि दिवेलागणीला गिरीजला घरी परतून तेच दोन शब्द सांगायची. कोर्ट म्हटलं की तारीख पडायचीच. त्यात कुणी काय विचारायचं?

जेनिफर मात्र रोज सासूचा चेहरा वाचत असे. त्यावर काही सापडत नसे. मार्गारेट मुळातच कमी बोलायची. डाव्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर कधीतरी गेला, एवढंच सांगायची. बोललीच तर टोमणा. "बी.ए. झालीस ना? मग कालवणात मीठ किती, ते कुठल्या वर्षाला शिकवतात?"

जेनिफरने कपाटात पिशवी भरून ठेवली होती. लेक इझाबेलचे कपडे, तापाचं औषध, जन्माचा दाखला. केनी सुटतोय असं कळलं की निघायचं. कुठे, हे तिला ठरवता येत नव्हतं. बोळिंजला भाऊ होता, पण एका खोलीत चौघं. आणि मागे एकदा तिने जायचं नाव काढलं तेव्हा मार्गारेट म्हणाली होती, "तुला जायचं तर जा. पोर इथंच राहील."

रविवारी मिस्सा आटोपून सिप्रियनकाका आले. केनीचे सख्खे चुलते. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विषय काढला.

"वहिनी, जामीन झाला की जामीनदार लागेल. भाऊ गेला तरी तुमची वाडी अजून त्याच्याच नावावर. ती कोर्टात चालायची नाही. माझा सातबारा माझ्या नावावर आहे, मी उभा राहतो. या मंगळवारी येतोच तुमच्याबरोबर."

"अजून मुलगी बघितली नाही नि तुम्ही मांडव घालताय," मार्गारेट म्हणाली.

"असं कसं? आधीपासून तयारी नको?"

"वाडी माझ्या नावावर करायला टाकलीय. माझा लेक आहे, मीच बघीन. कुणी मधे पडायचं नाही."

"पोरगं तिथं डास खातंय, वहिनी."

"खाऊ दे. घरी असताना कुठलीच भाजी आवडत नव्हती."

काका हसले, पण जरा ओशाळूनच. निघताना जेनिफरपाशी थांबले. "बाहेर आला की सांभाळून घे हो, बाय. हात उचलला, चुकलंच त्याचं. पण नवरा आहे."

जेनिफर मान खाली घालून पोरीचं झबलं नीट करत राहिली.

शेजारीण कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती. "आई असावी तर अशी," ती म्हणाली. "लेकासाठी दर आठवड्याला ठाण्याची फेरी! एसटीत बसूनच माझी कंबर मोडेल."

संध्याकाळी मार्गारेटने केनीचे शर्ट धुऊन दोरीवर घातले. ते वाऱ्याने फुगून हलताना जेनिफर पाहत राहिली. सासूची एवढी जिद्द. आज ना उद्या ती त्याला घेऊनच येणार. मग हे घर, हा ओटा, ती विहीर. आणि मधे ही पोर, नुकतीच पावलं टाकायला लागलेली.

तिने ठरवलं. मंगळवारी आपणच कोर्टात जायचं. जजसाहेबांसमोर उभं राहायचं, खांदा दाखवायचा आणि सांगायचं, याला सोडू नका. बोलताना आवाज फुटला नाही तर? म्हणून तिने कागदावर लिहून काढलं. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं.

फक्त वेळ कळायला हवी होती. वकिलाचं कार्ड सासूच्या बायबलात होतं. सोमवारी "पोरीला डोस द्यायचाय" असं सांगून ती इझाबेलला घेऊन निघाली.

ठाण्याला कोर्टासमोरच्या एका गाळ्यात वकील बॅप्टिस्ट जेवणाचा डबा उघडत होते. तिने नाव सांगितलं. त्यांनी डबा बंद केला.

"केनीच्या मिसेस? अरे वा, बसा, बसा. बरं झालं आलात."

हे आपले वकील नव्हेत, हे जेनिफरला पक्कं ठाऊक होतं. मनातलं काही न सांगता तिने एवढंच विचारलं, "उद्या अर्जाचा पुकारा किती वाजता होईल?"

"कुठला अर्ज?"

"जामिनाचा. उद्या तारीख आहे ना?"

बॅप्टिस्टनी डबा बाजूला सारला. "अहो, जामीन पहिल्याच तारखेला मंजूर झाला! दोन महिने झाले. सातबारा घेऊन एक माणूस उभा राहिला, की त्याच दिवशी तुमचा नवरा बाहेर. मी सासूबाईंना सांगून थकलो. दर मंगळवारी येतात, त्या बाकावर दोन तास बसतात नि एकच सांगतात, अख्ख्या गिरीजमध्ये जामीन राहायला कुणी तयार नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही तरी सांगा. आहे का तुमच्या बघण्यात कुणी?"

इझाबेल टेबलावरचे कागद ओढू लागली होती. जेनिफरने तिचा हात हळूच सोडवला आणि तिला मांडीवर घट्ट धरलं.

"नाही हो, वकीलसाहेब," ती म्हणाली. "कुणीच नाही."