काकूंची खिडकी

तन्मयने सहलीचा तक्ता टेबलावर पसरला. एक दिवस, काचेच्या छताची गाडी, प्रत्येक स्टेशनावर वेगळा कोकणी पदार्थ. पदार्थ सुचवलेले शेवंताकाकूंनी, रांधणारही त्याच.

"माझी खिडकी कुठली रे?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही भांड्यांबरोबर टेम्पोने पुढे जायचं, काकू. गाडीत फक्त पाहुणे." त्याने तिसरी खापरोळी नारळाच्या रसात बुडवली.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरामागून रोज जाणाऱ्या त्या गाडीत एकदा तरी बसायला मिळेल, म्हणून तर त्यांनी होकार दिला होता!

"पदार्थ माझे, आणि मी भांड्यांत होय रे मेल्या?" त्यांनी रसाचं पातेलं ओढून घेतलं. "मग हा रसही टेम्पोनेच येईल!"

चौथी खापरोळी तन्मयच्या हातात कोरडीच राहिली.