मुलांपर्यंत

कार्यक्रम सुरू झाला तसे सिल्केने दोन्ही हात उशीखाली सारले. दुपारी टीव्हीच्या चित्रीकरणात काय झालं ते तिने लेकीला, यूलेला, सांगितलं नव्हतं. आता सोफ्यावर दोघी एकाच पांघरुणात, मध्ये बटाट्याच्या सॅलडचा वाडगा.

पडद्यावरची सिल्के खुर्चीच्या टोकाशी बसली होती. खाली नुसतं नाव आणि गाव: ‘सिल्के, गेल्झेनकिर्शन’. आडनाव द्यायचं नाही, ही यूलेची पहिली अट. मुलगी आहे म्हण, पण माझी ओळख पटेल असं एक अक्षर काढायचं नाही, ही दुसरी. घर निम्मं सरकारी मदतीवर चालतं हे यूलेच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“काय गं ही बसायची तऱ्हा! दाढ काढायला आल्यासारखी.”

“गप. ऐक.”

पडद्यावरची सिल्के सांगत होती. सकाळी बेकरीत उभी असते, त्या पगारात भागत नाही, कमी पडतं ते सरकार देतं. मुलांसाठीची मदत वाढली तर... निवेदिकेने छानशी मान डोलावली आणि ती समोरच्या ब्रांडहोर्स्टसाहेबांकडे वळली. साहेब खासदार. आवाज लोण्यासारखा.

“मुलांना मिळायलाच हवं. नाही कोण म्हणतंय? प्रश्न एवढाच, की आईबापांच्या हाती दिलेला पैसा मुलांपर्यंत पोचतो का?” मग ते हसले. “राग मानू नका हं, सिल्केबाई, पण माझी बायको असली नखं पार्लरमध्ये जाऊन करून घेते. तीसुद्धा फक्त नाताळात.”

प्रेक्षकांत हशा पिकला.

पडद्यावरच्या सिल्केने तोंड उघडलं. सोफ्यावर यूलेने श्वास रोखून धरला. उत्तर एवढंसं होतं: माझ्या लेकीने रंगवलीत, काल संध्याकाळी, स्वयंपाकघरात बसून. पण शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या मुलींची नखं यूलेच रंगवून द्यायची. एवढं म्हटलं असतं, तर कुणाची लेक ते वर्गाला वेगळं सांगावं लागलं नसतं.

“यावर मला काही बोलायचं नाही,” पडद्यावरची सिल्के म्हणाली आणि तिने मान खाली घातली. मागे कुणीतरी जोरात टाळी वाजवली.

“नाही सांगितलंस!” यूले आईच्या गळ्यात पडली. मग एकदम उसळून बसली. “मम्मा, पार्लर म्हणाला तो! खासदाराला वाटलं, पार्लर!”

“वाटलं खरं.”

“मूर्ख कुठला! बायकोला पाठव म्हणावं माझ्याकडे.”

दुपारपासून सिल्के पहिल्यांदाच हसली. उशीखालचे हात तिने बाहेर काढले. प्रत्येक नखावर टाचणीच्या टोकाने काढलेलं इवलं निळं फूल, मधोमध पिवळा ठिपका, वर्गातल्या मुलींच्या नखांवर असतं तसंच. ‘तुझ्या हातांकडे कोण बघतंय?’ काल फुंकर घालत यूले म्हणाली होती. ‘तू बघ. भीती वाटली की फुलं बघायची.’

तिकडे साहेब बोलतच होते. आणि त्यांच्या आवाजावर कॅमेरा सिल्केच्या चेहऱ्यावरून सावकाश खाली उतरला. मांडीपाशी थांबला. अजून जवळ गेला. पडदाभर सिल्केचे हात, एकेक फूल बशीएवढं, पिवळ्या ठिपक्यासकट.

यूले हसायची थांबली.

टेबलावर तिचा फोन थरथरला. पुन्हा थरथरला. मग थरथरतच राहिला, हळूहळू कडेकडे सरकत.

ती उठली नाही. तिने आईचे दोन्ही हात ओढून घेतले आणि पांघरुणाखाली घट्ट धरून ठेवले, अजून ते कुणी पाहिलेच नसावेत तसे.