दहा डावांचा जावई

श्रीनिवासरावांनी जुळलेले पत्ते चटईवर मांडले आणि चष्म्यावरून समोरच्या मुलाकडे पाहिलं. हा सलग जिंकलेला चौथा डाव. मुलाच्या हातातल्या तेरा पत्त्यांत एकाचं दुसऱ्याशी काही नातं नव्हतं. "ऐंशी," श्रीनिवासराव मोठ्यांदा म्हणाले. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी मुलाच्या नावाखाली ठसठशीत ऐंशी आणि स्वतःच्या नावाखाली शून्य लिहिलं, आणि पत्रिका त्याला नीट दिसेल अशी फिरवून ठेवली. मुलानं आकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"होतं की असं, मामा," तो हळूच म्हणाला. "पुढच्या डावाला पाहूं."

हे उत्तर श्रीनिवासरावांना फार आवडलं. असं उत्तर या चटईवर आजवर कुणी दिलं नव्हतं.

मुलगा म्हणजे ओरत्तनाडूचा वरुणराव. तंजावुरात नव्यानंच निघालेल्या कंप्युटर क्लासात तो शिकवत असे. श्रीनिवासरावांच्या मुलीला, अंबुजेला, त्याच्या आईनं एका लग्नात आधीच पाहिलं होतं, म्हणून आज तो एकटाच आला होता. दुसऱ्या घरांत अशा वेळी केसरी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, खाऊ घालून मुलीला गायला बसवतात. राजवाड्यामागच्या या घरात केसरी-बज्जी मिळे, पण मुलालाच रमीला बसवत. हरताना जो डोकं थंड ठेवतो तोच संसार करू शकतो, असं श्रीनिवासरावांचं ठाम मत होतं. स्वतःचं डोकं त्यांना एकदाही थंड ठेवता आलं नव्हतं, हा भाग वेगळा. कॅरमचा एक डाव हरले म्हणून शेजारच्या कृष्णस्वामींशी ते दोन वर्षं बोलले नव्हते. जावई मात्र त्यांना आपल्यासारखा नको होता.

याआधी तिघे येऊन गेले होते. पहिल्यानं सहाव्या डावाला पत्ते भिरकावले. दुसऱ्यानं पत्त्यांवर खुणा आहेत असा आरोप केला. आरोप खराच होता. कॅट नऊ वर्षं जुना, इस्पिकच्या राजाच्या पाठीवर सांबाराचा डाग, चौकटच्या राणीचा कोपरा दुमडलेला. पण वडीलधाऱ्या माणसाला असं तोंडावर सांगतात का? तिसऱ्याचे नुसते कान लाल झाले, तर तोही बाद. अंबुजेला आता अठ्ठाविसावं लागलं होतं. हा मुलगा तिला आवडला होता आणि ते लपवायची तिनं काही तसदी घेतली नव्हती. कुणी न सांगता ती दोनदा कॉफी देऊन गेली. तिच्या आईनं, कामाक्षीबाईंनी, नवऱ्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं की हा मुलगा परत गेला, तर पत्ते विहिरीत जातील.

पाचवा डाव झाला, सहावा झाला. रमीत न जुळलेल्या पत्त्यांचे पॉइंट अंगावर येतात, एका डावाला जास्तीत जास्त ऐंशी, आणि ज्याच्या अंगावर जास्त तो हरला. राजा, राणी, गुलाम दहा-दहा पॉइंटांचे, म्हणून शहाणा माणूस ते आधी टाकून देतो. वरुणराव ते गोळा करत होता. रमी येते का म्हणून विचारलं तेव्हा तो 'थोडी थोडी' म्हणाला होता, पण छाती काय पोराची! श्रीनिवासरावांना आज पत्त्यांवरच्या खुणा बघायची गरजच पडेना. तोंडानं 'हरलास' म्हणायचं नाही, नुसता आकडा दाखवायचा, म्हणजे तो जास्त झोंबतो, ही त्यांची जुनी युक्ती. या मुलाला काही झोंबतच नव्हतं. सातव्या डावानंतर तर त्यानं बज्जीची थाळी त्यांच्याकडे सरकवली आणि खा म्हणाला, बरं वाटेल.

दहाव्या डावाला पुन्हा ऐंशी. पत्रिकेवर एकीकडे दहा ऐंशी, दुसरीकडे दहा शून्यं. श्रीनिवासरावांनी पत्ते गोळा करून बाजूला ठेवले. इतका शांत माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी आत हाक मारली आणि साखर आणायला सांगितलं, मुलगा पसंत आहे. आत कुणाच्या तरी हातून पेला पडला.

वरुणरावानं उठून नमस्कार केला. आपलाही होकारच आहे, तो म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला इथं यायचीच भीती वाटत होती. मुलीचा बाप भयंकर कोपिष्ट आहे असं आईच्या कानावर आलं होतं. त्याच्यासमोर दोन तास बस, एकदा जरी तो भडकला तरी गोड बोलून परत ये, असं तिनं बजावून पाठवलं होतं.

"पण तुम्ही ओळीनं दहा डाव हरलांत, मामा," तो म्हणाला. "दहाही वेळा शून्य. तरी तुमच्या कपाळावर आठी आली नाही. असला सासरा कुठं मिळायचा?"

श्रीनिवासरावांच्या डोक्यात रक्त चढलं. जिंकलेले डाव! एक नाही, दोन नाही, दहा! रमीचा नियम समजावून सांगायला त्यांनी पत्रिका उचलली आणि तोंड उघडलं. दारात अंबुजा साखरेची वाटी घेऊन उभी होती, श्वास रोखून. तिच्यामागं कामाक्षीबाई विहिरीकडे बघत होत्या.

श्रीनिवासरावांनी तोंड मिटलं. पत्रिकेची चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"होतं की असं," ते म्हणाले. "पुढच्या डावाला पाहूं."